एकदा तरी समोर बसून ऐकायचेच असे स्पीकर

मंद्रसप्तक:
स्पीकरचे फोटो पाहून, आलेख वाचून आणि मोबाइलवर त्यांचे व्हिडिओ ऐकून आपण केवढी ठाम मतं बनवतो! व्हिडिओत ऐकू येतो तो आपल्याच हेडफोनचा आवाज, तरी खाली 'काय क्लॅरिटी आहे' अशा प्रतिक्रियांचा पाऊस. माझं म्हणणं असं, की काही स्पीकरांबद्दल समोर बसून ऐकल्याशिवाय बोलताच येत नाही, कारण हवा हलवायची त्यांची रीतच निराळी आहे. किंमत हा इथे मुद्दा नाही. विकत घ्यायचे नाहीत, ऐकायचेत.

तर प्रश्न: एकच जोडी, एक तास, खोलीत दुसरं कोणी नाही. कोणती जोडी निवडाल? आणि मुख्य म्हणजे त्यात नेमकं काय ऐकाल? 'आवाज भारी' एवढं लिहून सुटका नाही.

माझी निवड बी अँड डब्ल्यू कंपनीचा नॉटिलस. १९९३ साली आलेला, लॉरेन्स डिकी यांनी घडवलेला. लोक त्याला शोभेची वस्तू समजतात, पण त्या शंखासारख्या वळणदार आकारामागे पक्कं कारण आहे. कोन, म्हणजे स्पीकरमधला हलणारा शंकू, जितका आवाज पुढे टाकतो तितकाच मागेही टाकतो. साध्या पेटीत मागचा आवाज भिंतींवर आपटतो आणि पातळ कोनमधून झिरपत उशिरा बाहेर येतो, मूळ सुराला चिकटतो. नॉटिलसमध्ये प्रत्येक ड्रायव्हरच्या (आवाज काढणाऱ्या भागाच्या) पाठीमागे निमुळती होत गेलेली नळी आहे. मागचा आवाज त्या नळीत शिरतो आणि तिथेच जिरतो. बेसची नळी सरळ ठेवली असती तर फार लांब झाली असती, म्हणून ती गुंडाळली. त्यातून तो आकार आला.

ऐकायचाय तानपुरा. फक्त तानपुरा, बाकी काही नाही. जवारी नीट लागलेली असेल तर एका तारेतून स्वरांचे थर एकामागून एक उघडत जातात. पेटी स्वतः गुणगुणत नसेल तेव्हा ते थर कसे वेगळे होतात हे मला ऐकायचंय.

लिहा मंडळी.

ऐकीव:
मस्त विषय. पहिली रांग पकडून बसलो आहे.

भोंगा:
माझं नाव वाचूनच उत्तर कळलं असेल. क्लिपशॉर्न.

पॉल क्लिप्श यांनी १९४६ मध्ये अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यातल्या होप गावी कंपनी काढली, तेव्हापासून हा स्पीकर बनतोय. इतकी वर्षं टिकलेला दुसरा कुठला डिझाइन असेल तर सांगा. खोलीचा कोपरा हाच त्याचा शेवटचा भाग आहे. बेसचा हॉर्न, म्हणजे भोंगा, पेटीत घडी घालून बसवलाय आणि पुढचं काम कोपऱ्यातल्या दोन भिंती करतात. म्हणजे तुमची खोली अर्धी स्पीकर झाली.

हॉर्न कशाला, असं नवीन लोक विचारतात. हवा फार हलकी असते. कोन तिला ढकलायला गेला की ती बाजूला सरकते, बरीचशी मेहनत फुकट जाते. हॉर्न तिला बाजूला सरकू देत नाही. त्याच्या गळ्याशी, म्हणजे अरुंद टोकाशी, दाब तयार होतो आणि तो हळूहळू रुंद होत खोलीत उतरतो. त्यामुळे कोनला जेमतेम हलावं लागतं, आणि कमी हलणारा कोन कमी चुकतो. क्लिप्शनी आयुष्यभर हेच सांगितलं.

आकडा बघा. क्लिपशॉर्नची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे एका वॅटमध्ये किती मोठा आवाज निघतो ते माप, १०५ डेसिबल सांगितली जाते. ८२ डेसिबलच्या स्पीकरला तेवढाच मोठा आवाज काढायला जवळजवळ २०० पट पॉवर लागते. तुमचा स्पीकर २०० वॅट खाऊन जे करतो ते हा एका वॅटमध्ये करतो.

ऐकायचं काय? तबल्यावरची पहिली थाप. आवाज मोठा न करता. थाप पडते तेव्हा हात चामड्याला लागल्याचा जो कडक कण असतो ना, तो बहुतेक स्पीकर दाबून टाकतात. हॉर्न तो जसाच्या तसा अंगावर टाकतो.

पापुद्रा:
भोंगा, थाप मिळेल तुम्हाला, पण गवई नाकातून गाईल त्याचं काय? :)

माझी निवड क्वाड ईएसएल, तीही पहिलीच. १९५७ ची. पीटर वॉकर यांनी इंग्लंडमध्ये हंटिंग्डनला केलेली. त्यात कोन नाही, चुंबक नाही, पेटी नाही. काही मायक्रॉन जाडीचा प्लास्टिकचा पडदा, त्यावर हजारो व्होल्टचा भार, आणि दोन्ही बाजूंना छिद्रांचे पत्रे. पत्र्यांना सिग्नल दिला की अख्खा पडदा एकदम ओढला जातो, एकदम सुटतो. कोनला मध्यभागी धक्का बसतो आणि तो धक्का काठापर्यंत पोचेपर्यंत कोन वाकतो, लवतो. इथे पडद्याच्या प्रत्येक ठिपक्यावर एकाच वेळी जोर लागतो. आणि पडदा इतका हलका की त्याला थांबायला वेळ लागत नाही.

हे थांबणंच ऐकायचं असतं. ख्याल गाणारा आवाज स्वर सोडतो त्या क्षणी काय होतं ते ऐका. श्वास, ओठ मिटणं, आणि मग खोलीची शांतता. इतर स्पीकरांत स्वर संपल्यावरही पेटी थोडी बोलत राहते, आणि तुम्हाला ते क्वाड ऐकेपर्यंत जाणवतच नाही.

तिच्या मर्यादाही सांगतो, कारण त्या लपवण्यात अर्थ नाही. खालचा बेस नाही. फार मोठ्याने वाजवली तर पत्रा आणि पडद्यामध्ये ठिणगी पडते आणि पॅनेल कायमचं जातं. वरचे स्वर अरुंद झोतात येतात, त्यामुळे चांगली जागा एकाच खुर्चीपुरती. खोलीत एकट्याने बसायचं असं मंद्रसप्तकांनी लिहिलंय, तेव्हा ही अट आपोआप पुरी होते.

मोजपट्टी:
सगळ्यांचं वाचतोय, आणि थोडा विरोध नोंदवतो.

'समोर बसून ऐकल्याशिवाय बोलू नये' हे मान्य. पण समोर बसून *बघत* ऐकलं तर काय होतं? हार्मन या ऑडिओ कंपनीत फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या संशोधकांनी १९९४ मध्ये याच प्रश्नावर प्रयोग प्रसिद्ध केला. तेच श्रोते, तेच स्पीकर. एकदा डोळ्यांसमोर आणि एकदा पडद्याआड. समोर दिसत होते तेव्हा मोठ्या, देखण्या स्पीकरांना भरभरून गुण मिळाले. पडद्याआड गेल्यावर ती आघाडी आटली, आणि लहानशा स्वस्त संचाला आधीपेक्षा चांगले गुण मिळाले. श्रोते नवखे नव्हते, कंपनीचेच लोक होते.

म्हणून नंतर त्यांनी अशी यंत्रणा उभारली की पडद्यामागे स्पीकर आपोआप सरकून काही सेकंदांत जागा बदलतात. प्रत्येक स्पीकर अगदी त्याच जागी, त्याच मोठेपणाने वाजतो. टूल यांनी कॅनडातल्या राष्ट्रीय संशोधन संस्थेत असताना हे काम सुरू केलं होतं. निष्कर्ष साधा आहे: समोरून सपाट (सगळे स्वर सारख्याच मोठेपणाने) आणि बाजूंनी सुरळीत उतरत जाणारा आवाज बहुतेकांना आवडतो.

तुमच्या यादीतले निम्मे स्पीकर या कसोटीवर डळमळतील. नॉटिलस बघून आपण आधीच अर्धे जिंकलेले असतो.

मंद्रसप्तक:
मोजपट्टी, मुद्दा पटतो, पण पूर्ण नाही. पडद्याआडचा प्रयोग 'कोणता स्पीकर जास्त आवडला' हे सांगतो. क्लिपशॉर्नची थाप आणि क्वाडचं थांबणं या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. मी दोन्ही ऐकू इच्छितो, त्यांना क्रमांक देऊ इच्छित नाही.

नवश्रोती:
मी या छंदात नवीन आहे. एक बाळबोध प्रश्न. सेन्सिटिव्हिटी जास्त म्हणजे मोठा आवाज, एवढंच ना? मग मला घरी हळू ऐकायचं असेल तर हॉर्नचा काय उपयोग?

भोंगा:
नवश्रोती, प्रश्न अजिबात बाळबोध नाही. खरी गंमत हळू ऐकतानाच आहे. संगीतातले बारीक स्वर आणि मोठे स्वर यांत प्रचंड अंतर असतं. सरासरी आवाज हळू ठेवला तरी तबल्याची थाप किंवा पियानोवरचा जोरकस आघात क्षणभर त्याच्या कित्येक पट वर जातो. कमी सेन्सिटिव्हिटीच्या स्पीकरला त्या क्षणासाठी कित्येक पट जास्त पॉवर लागते. हॉर्नला त्याच थापेसाठी जेमतेम पॉवर पुरते.

पापुद्रा:
भोंगांच्या म्हणण्याला पुस्ती. हळू ऐकताना कानही फसवतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवलं, की आवाज कमी केला की आपल्याला खालचे स्वर प्रमाणाबाहेर कमी ऐकू येतात. म्हणून 'हळू वाजवला की मेला' असं आपण म्हणतो, तेव्हा सगळा दोष स्पीकरचा नसतो.

रीळ:
चर्चा १९४६ आणि १९५७ मध्ये अडकलीये, मी आणखी मागे नेतो.

आज आपण ज्याला स्पीकर म्हणतो तो, म्हणजे कॉइलला (तारेच्या वेटोळ्याला) जोडलेला कोन, राइस आणि केलॉग यांनी जनरल इलेक्ट्रिकमध्ये १९२५ च्या सुमारास मांडला. पाठोपाठ १९२६ मध्ये वेस्टर्न इलेक्ट्रिकचा ५५५ हा ड्रायव्हर आला, बोलपटांसाठी. त्या वेळचे अ‍ॅम्प (स्पीकरला पॉवर देणारी यंत्रं) काही वॅटचे आणि समोर भरलेलं थिएटर! म्हणजे एकेक वॅट पिळून काढणं भाग होतं. त्यासाठी गुंडाळलेले अजस्र हॉर्न बनवले. त्या काळी कायमचे चुंबक कमजोर असायचे, म्हणून ड्रायव्हरमध्ये विजेवर चालणारा चुंबक असे, त्याला वेगळा वीजपुरवठा द्यावा लागे.

आता गंमत बघा. फ्रान्समधल्या फोकल कंपनीचा ग्रांद यूटोपिया ईएम, दोन मीटर उंचीचा, आजच्या काळातला मोठा डौलदार स्पीकर. त्यातल्या बेसच्या ड्रायव्हरला पुन्हा विजेवर चालणारा चुंबक आहे. नावातलं 'ईएम' त्याचंच. जे गरजेपोटी सुरू झालं ते ताकदीसाठी परत आलं.

पण माझं उत्तर हे दोन्ही नाही. लंडनच्या सायन्स म्युझियममधला डेनमन यांचा हॉर्न. रॉडरिक डेनमन यांनी १९२९ मध्ये तो बनवला. लांबी २७ फूट, तोंड चौकोनी आणि साधारण ७ फुटांचं, गळ्याशी तोच ५५५. रेडिओचा आवाज जास्तीत जास्त किती चांगला होऊ शकतो हे लोकांना ऐकवायला तो उभारला होता. १९४९ मध्ये तो मोडला. २०१४ मध्ये ध्वनिकलाकार अलेक्झांडर कोल्कोव्स्की यांच्या पुढाकाराने तो पुन्हा उभारून लोकांना ऐकवला.

मला त्यात एका माणसाचं साधं बोलणं ऐकायचंय. बातम्या वाचणारा आवाज. ज्या काळी घरातला रेडिओ किरकिरत असे, त्या काळी संग्रहालयात येऊन उभ्या राहिलेल्या माणसाला त्या ७ फुटी तोंडातून समोरासमोर बोलल्यासारखा आवाज आला असेल तेव्हा काय वाटलं असेल!

सुतार:
रीळ, काय माहिती दिलीत! डेनमनच्या हॉर्नबद्दल वाचून सगळं काम बाजूला ठेवलं.

मी स्पीकर स्वतः बनवतो, त्यामुळे माझी नजर लाकडावर आणि बेसवर असते. माझी निवड इन्फिनिटी आयआरएस. आर्नी नुडेल यांचं काम, १९८० च्या आसपासचं. एक जोडी म्हणजे प्रत्यक्षात चार मनोरे. दोन मनोऱ्यांत मधल्या आणि वरच्या स्वरांच्या पातळ फितींच्या रांगा, आणि दोन मनोऱ्यांत प्रत्येकी सहा १२ इंची वूफर, म्हणजे बेसचे ड्रायव्हर. शिवाय वूफरवर सर्व्हो, म्हणजे कोन सांगितल्याप्रमाणे हलतोय की नाही हे अ‍ॅम्प सतत तपासतो आणि चूक तिथल्या तिथे सुधारतो.

इतके वूफर का, हे बनवणाऱ्याला लगेच कळतं. स्वर एक सप्तक खाली नेला आणि आवाज तेवढाच ठेवायचा असेल तर कोनला चौपट हलावं लागतं. दोन सप्तकं खाली, तर सोळापट. एकट्या छोट्या कोनला हे जमत नाही. तो टोकाला जाऊन धडपडतो. बारा मोठे कोन एकत्र ठेवले की प्रत्येकाला किंचित हलावं लागतं. म्हणून मोठ्या स्पीकरचा बेस 'जास्त' नसतो, तो निवांत असतो. ज्याने हा निवांत बेस ऐकलाय त्याला धडधडणारा बेस नंतर सहन होत नाही.

मला ऐकायचाय पखवाज. डाव्या पुडीवर कणीक लावलेली, आणि घुमारा लांबत जाणारा.

ऐकीव:
बारा वूफर आणि पखवाज. शेजाऱ्यांचं मत कोणी विचारणार का?

सुतार:
खोलीत दुसरं कोणी नाही अशी अट आहे, शेजारी अटीत नाहीत. :)

मोजपट्टी:
सुतार, बेसबद्दल बोलताय तर खोली विसरू नका. हा धागा स्पीकरवर चाललाय, पण सुमारे २०० हर्ट्झच्या खाली आपण स्पीकरपेक्षा खोलीच जास्त ऐकत असतो. २० हर्ट्झच्या लहरीची लांबी १७ मीटर. ५ मीटर लांबीच्या खोलीत ती मावतच नाही. उलट त्याच खोलीत ३४ हर्ट्झला लहर दोन भिंतींमध्ये अडकून उभी राहते. भिंतीजवळ तो स्वर अंगावर येतो आणि खोलीच्या मध्यावर जवळजवळ नाहीसा होतो. खुर्ची दोन पावलं सरकवली की 'स्पीकर बदलला' असं वाटतं.

आयआरएस चुकीच्या खोलीत ऐकलात तर तुमच्या पखवाजाचा एक बोल घुमेल आणि दुसरा बेपत्ता होईल. मग घरी येऊन लिहाल, 'अपेक्षाभंग झाला'.

नवश्रोती:
म्हणजे प्रदर्शनात ऐकून काही कळत नाही का? म्युनिकच्या हाय एंड प्रदर्शनाबद्दल खूप वाचलंय.

रीळ:
कळतं, पण मर्यादेत. ते प्रदर्शन २००४ पासून म्युनिकच्या एमओसी केंद्रात भरायचं, २०२५ नंतर व्हिएन्नाला हलवलं गेलं. अनेक खोल्यांच्या भिंती काचेच्या किंवा तात्पुरत्या, बाहेर माणसांचा गलका, दार सतत उघडतंय. मी एका प्रदर्शनात एक नावाजलेला स्पीकर ऐकायला आतुरतेने गेलो, तर चालवणाऱ्याने एका मिनिटाला एक गाणं बदललं, आणि सगळी गाणी तीच, ज्यांत बाई हळू आवाजात गाते आणि मागे एक डबल बेस वाजतो. तानपुरा तर सोडाच, नीट पियानोही ऐकू दिला नाही.

तरी त्याच प्रकारच्या प्रदर्शनांत कोरियातल्या सिल्बाटोन कंपनीने वेस्टर्न इलेक्ट्रिकचे जुने अजस्र हॉर्न आणून लोकांना तासन्‌तास ऐकवले. मनापासून ऐकवणारे असतात, ते शोधायचे.

आणखी एक वाट सांगतो. अमेरिकेतले डेव्हन टर्नबुल हाताने हॉर्नचे स्पीकर बनवतात आणि संग्रहालयांत, कलादालनांत ऐकण्याच्या खोल्या मांडतात. २०२४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात अशी खोली होती. माणसं येतात, खाली बसतात, गप्प ऐकतात. विक्री नाही, घाई नाही. जपानमध्ये तर अशी ठिकाणं कित्येक दशकं आहेत. तोक्योच्या शिबुया भागातलं 'लायन' १९२६ पासूनचं, तिथे शास्त्रीय संगीत लावतात आणि बोलायला मनाई असते.

भोंगा:
अवांतर: मोजपट्टींना आवडेल अशी गोष्ट. पॉल क्लिप्श कोटाच्या कॉलरच्या आतल्या बाजूला एक पिवळा बिल्ला लावायचे. समोरचा ऑडिओबद्दल काही भलतंच ठोकायला लागला की कॉलर उलटून बिल्ला दाखवायचे. बिल्ल्यावरचा शब्द इथे लिहिण्याजोगा नाही. अर्थ 'थापा बंद'.

मोजपट्टी:
आवडलीच. क्लिप्शना माझा मानाचा मुजरा, हॉर्नच्या आवाजाच्या रंगाबद्दल मतभेद कायम ठेवून.

चौफेर:
कोणीच एमबीएलचं नाव घेतलं नाही? १०१. जर्मनी. त्याचे ट्वीटर (वरच्या स्वरांचा ड्रायव्हर), मिडरेंज (मधल्या), बेस, सगळे उभ्या पातळ पाकळ्यांचे गोळे आहेत. कॉइल खालून दाबते, पाकळ्या बाहेर फुगतात, आणि आवाज चारही दिशांना सारखा जातो. समोर, मागे, बाजूला, सगळीकडे.

खरी वाद्यं अशीच वाजतात. सतार काही फक्त श्रोत्याच्या दिशेने वाजत नाही. तिचा आवाज छताला, जमिनीला, मागच्या भिंतीला लागून येतो. पापुद्रा यांच्या क्वाडला एक खुर्ची लागते. १०१ समोर तुम्ही उठून पाणी आणायला गेलात तरी सतार जागची हलत नाही. मला नेमकं तेच ऐकायचंय: चालत चालत. बसून नाही.

८२ डेसिबलच्या आसपासची सेन्सिटिव्हिटी आहे हे कबूल. भोंगांचे ते २०० वॅट इथेच खर्ची पडतात.

पापुद्रा:
चौफेर, पण सगळीकडून आवाज आला की रेकॉर्डिंगमधली खोली कुठली आणि तुमची खोली कुठली, हे कसं ओळखणार?

चौफेर:
ओळखता येत नाही, आणि मला त्याचा त्रास होत नाही. गवई माझ्या खोलीत आला असं वाटतं, मी त्याच्या मैफिलीत गेलो असं नाही वाटत. तुम्हाला दुसरं हवंय, मला पहिलं.

सुतार:
हे वाक्य वाचून मला बऱ्याच वर्षांची भांडणं उलगडली. अर्धी माणसं गवयाला घरी बोलावतात, अर्धी त्याच्याकडे जातात. स्पीकर त्याप्रमाणे निवडले जातात.

शांतलहर:
सगळे मनोरे आणि शंख झाले. मी दोन हातांत मावणाऱ्या पेटीचं नाव घेते. बीबीसीचा एलएस३/५ए. १९७० च्या दशकात बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाड्यांत, जिथे मोठा मॉनिटर (आवाज तपासायचा स्पीकर) ठेवायला जागाच नसते, तिथे निवेदकाचा आवाज तपासण्यासाठी बीबीसीच्या अभियंत्यांनी तो केला. केईएफ कंपनीचा बी११० वूफर, टी२७ ट्वीटर, आणि पातळ बर्च प्लायची पेटी. त्या पेटीच्या भिंती जाणूनबुजून पातळ ठेवून आतून जड थर चिकटवलाय, म्हणजे थरथर कानाला न बोचणाऱ्या पट्ट्यात खाली जाते आणि तिथे मरते.

बेस नाही म्हणा, आवाज मोठा होत नाही म्हणा, सगळं खरं. पण माणसाचा बोलण्याचा आवाज त्यातून जितका ओळखीचा येतो तितका मी फार थोड्या ठिकाणी ऐकलाय. रीळ यांना २७ फुटांतून जो निवेदक ऐकायचाय, तोच मला फूटभर पेटीतून ऐकायचाय. दोन्ही एकाच दिवशी ऐकायला मिळाले तर?

रीळ:
शांतलहर, असा दिवस कोणी आखला तर मी पहिला पोचेन. दोन्ही ठिकाणी तोच मजकूर, तोच वाचणारा.

मोजपट्टी:
आणि दोन्हींचा मोठेपणा मापून सारखा करा! एक डेसिबलचा फरक असला तरी मोठा वाजणारा 'जास्त स्पष्ट' वाटतो. दुकानदारांना हे चांगलं माहीत असतं. शिवाय दोन्हींमध्ये फार वेळ घालवू नका, आवाजाच्या रंगाची बारीक आठवण काही सेकंदांतच पुसट होते. आपल्या ओळखीचं एक रेकॉर्डिंग ठरवा, घरी इतक्या वेळा ऐकलेलं की कुठे गायिका श्वास घेते तेही पाठ आहे. नवीन जागी तेच आधी ऐका. यजमानाने निवडलेलं चकचकीत गाणं नंतर.

ऐकीव:
प्लाझ्माचा उल्लेख राहिला. प्लाझ्मॅट्रॉनिक्स कंपनीचा हिल टाइप १, १९७० च्या दशकाच्या शेवटी. त्यात वरच्या स्वरांसाठी पडदाच नाही. आयनीभूत वायूची ज्योत आकुंचन-प्रसरण पावते आणि हवा हलते. त्यासाठी शेजारी हेलियमचं सिलिंडर ठेवावं लागे. वस्तुमान जवळपास शून्य. पापुद्रा यांचा पडदाही त्यापुढे जाड म्हणायचा!

पापुद्रा:
ऐकीव, हे मान्य. पण माझ्या पडद्याला सिलिंडर बदलावं लागत नाही.

मंद्रसप्तक:
धागा छान रंगला. प्रश्नाकडे परत येतो. मोजपट्टी आणि नवश्रोती, तुम्ही दोघांनी अजून निवड सांगितलेली नाही. मोजपट्टी, तुम्हाला सुटका नाही.

आणि अमेरिकेतले स्पीकर बनवणारे डेव्ह विल्सन यांचं नाव कसं कोणी घेतलं नाही याचं नवल वाटतं. त्यांचा पहिला 'वाम' नावाचा स्पीकर १९८० च्या दशकातला, आणि शेवटचा मोठा प्रकल्प वाम मास्टर क्रोनोसॉनिक, फक्त ७० जोड्यांपुरता. त्यात प्रत्येक ड्रायव्हरची पेटी बारीक मापाने पुढेमागे सरकवता येते, म्हणजे सगळ्यांचा आवाज ऐकणाऱ्याच्या कानाशी एकाच वेळी पोचावा. २०१८ मध्ये ते गेले. एका माणसाने एकच गोष्ट, 'वेळ', इतकी वर्षं धरून ठेवली याबद्दल मला त्यांचं फार कौतुक आहे. नॉटिलसच्या तासातली दहा मिनिटं मी त्यांना द्यायला तयार आहे.

मोजपट्टी:
ठीक. क्वाडच, पण पापुद्रांची नव्हे. १९८१ ची ईएसएल-६३.

कारण असं. जुन्या क्वाडमध्ये वरच्या स्वरांचा झोत अरुंद होतो, हे पापुद्रांनीच लिहिलंय. वॉकर यांनी त्यावर काढलेला उपाय मला या सगळ्या धाग्यातला सर्वांत सुंदर वाटतो. पडदा सपाटच ठेवला, पण मागच्या-पुढच्या पत्र्यांवर एकात एक वर्तुळाकार पट्ट्या केल्या. सिग्नल आधी मधल्या वर्तुळाला मिळतो, मग क्षणभर उशिरा पुढच्या, मग त्याच्या पुढच्या. त्यामुळे सपाट पडद्यातून निघणारी लहर अशी पसरते, जणू ती पडद्याच्या फूटभर मागे असलेल्या एका बिंदूतून निघाली. तिथे काहीच नाही, नुसती हवा आहे.

मला ती पडद्याआड ऐकायचीये. समोर काय आहे हे माहीत नसताना तो बिंदू मला बोटाने दाखवता येतो का, हे पाहायचंय. रेकॉर्डिंग: एकटी बासरी, मोनो, एकाच स्पीकरवर. स्टिरिओने मेंदूला मदत होते, ती मला नकोय. टूल यांच्या प्रयोगांतही एकच स्पीकर ऐकवला की श्रोते दोष जास्त चोख ओळखतात असं दिसलं होतं.

पापुद्रा:
मोजपट्टी क्वाडकडे आले! आज दिवस चांगला आहे.

भोंगा:
निवड उत्तम, कारणही उत्तम. हरलो असं मात्र मी म्हणणार नाही.

नवश्रोती:
सगळं परत परत वाचलं. माझी निवड क्वाड की क्लिपशॉर्न यात अडकलीये. मला पेटीचा, म्हणजे हार्मोनियमचा आवाज ऐकायचाय, तीही गवयामागे हळू वाजणारी. माझ्या स्पीकरवर पेटी आणि गळा एकमेकांत मिसळून जातात आणि कोण कुठे थांबला ते कळत नाही.

पापुद्रा:
मग क्वाड. डोळे मिटून उत्तर देता येईल असा प्रश्न विचारलात. पेटीचा सूर भाता सोडल्यावर कुठे संपतो आणि गळा कुठे पुढे जातो, हे तिथे लख्ख कळेल.

ऐकायला जाल तेव्हा एवढं करा. पहिल्या पिढीची क्वाड जमिनीलगत असते आणि मागे कललेली असते, तेव्हा बुटक्या खुर्चीवर बसा आणि दोन्ही पॅनेल बरोबर तुमच्याकडे वळलेली आहेत का ते बघा. बराच वेळ चालू ठेवलेली असू द्या, पडद्यावर भार चढायला वेळ लागतो. आणि एकदा गाणं चालू असताना उठून पॅनेलच्या अगदी बाजूला, कडेच्या रेषेत उभ्या राहा. पुढून आणि मागून निघणारा आवाज तिथे एकमेकांना खोडतो, त्यामुळे एका पावलात आवाज एकदम पडतो. पडद्याला पेटी नाही म्हणजे काय, हे त्या जागी उभं राहिल्यावर पटकन समजतं.

भोंगा:
आणि तिथून थेट क्लिपशॉर्नकडे या, नवश्रोती. तीच पेटी, तोच गवई. मागे तबला असलेलं रेकॉर्डिंग आणा म्हणजे झालं.